‘ने’ कुणाचा कोण?

‘रामने केरी आपी.’ हे गुजराती वाक्य मराठी किंवा हिंदी माणसाच्या कानावर पडलं की तो खुशाल समजतो, रामाने कुणाला तरी कैरी दिली. प्रत्यक्षात रामाने काहीच दिलेलं नाही. रामाला मिळालंय. देणारा कोण, ते वाक्यात आलेलंच नाही. आणि मिळाली ती कैरीच असेल असंही नाही, कारण गुजरातीत ‘केरी’ म्हणजे आंबा, मग तो पिकलेला का असेना. राम खरोखर देणारा असता तर गुजराती माणूस ‘रामे केरी आपी’ असं म्हणाला असता. मधला एक ‘न’ गळला की घेणारा राम देणारा होतो.

हा ‘ने’ मराठीत आहे, हिंदीत आहे, पंजाबी, गुजराती, हरियाणवी, मारवाडी अशा शेजारपाजारच्या सगळ्या भाषांत आहे. इतका सारखा दिसतो की तो एकच असणार, आणि एकच म्हणजे संस्कृतातून आलेला असणार, असं आपण धरून चालतो. शाळेतल्या विभक्तीच्या तक्त्याने हा समज आणखी पक्का केलेला असतो. म्हणून एकेक समज जरा हलवून पाहू.

गैरसमज : मराठीचा ‘ने’ आणि हिंदीचा ‘ने’ एकच

हे वाक्य बघा. ‘दामूने घाईघाईने चाकूने फणस चिरला आणि चिकाने हात बरबटले.’ एका वाक्यात चार ‘ने’. पहिला कर्त्याचा, दुसरा रीतीचा, तिसरा हत्याराचा, चौथा कारणाचा. आता हेच हिंदीत सांगून बघा. दामूपुढचा ‘ने’ तेवढा राहील. चाकूला ‘से’ लागेल, चिकालाही ‘से’, आणि घाई तर ‘जल्दी-जल्दी’ म्हणून प्रत्ययाशिवायच निघून जाईल. आपण बसने जातो, या रस्त्याने जातो, भीतीने थरथरतो, दोन दिवसांनी परत येतो. हिंदीवाल्याला यातल्या एकाही ठिकाणी ‘ने’ चालत नाही.

म्हणजे मराठीचा ‘ने’ हा भरपूर कामं उरकणारा तृतीयेचा प्रत्यय आहे, आणि हिंदीचा ‘ने’ फक्त कर्त्याची खूण. तीही भूतकाळातल्या, पूर्ण झालेल्या क्रियेपुरती. मराठीत ‘त्याने उद्या यावं’, ‘त्याने असं बोलू नये’ हे सहज चालतं. प्रमाण हिंदीत तिथे ‘ने’ला दार बंद. आणि ‘आजोबांच्याने जिना चढवत नाही’ यातला ‘च्याने’ तर हिंदीत कुठल्याच रूपात नाही, तिथे पुन्हा ‘से’च मदतीला येतो.

सकर्मक क्रियापद आणि भूतकाळ असला की ‘ने’ लागतो, हा नियमही दोन्हीकडे सांगतात तितका सरळ नाही. हिंदीत ‘लाना’, ‘भूलना’, ‘बोलना’ सकर्मक असूनही ‘ने’ घेत नाहीत : ‘वह किताब लाया’. कारण ‘लाना’ हा मुळात ‘ले आना’, आणि ‘आना’ अकर्मक. उलट ‘छींकना’, ‘खाँसना’ यांना कर्म नसूनही ‘उसने छींका’, ‘उसने खाँसा’. मराठीत नेमकं उलटं : ‘त्याने पुस्तक आणलं’, पण ‘तो शिंकला’, ‘तो खोकला’. आपल्याकडेही अपवादांची स्वतंत्र पंगत आहे. ‘तो छत्री विसरला’, ‘ती संस्कृत शिकली’, ‘तो चहा प्यायला’, ‘ती म्हणाली’. हिंदीत ‘उसने कहा’ आणि मराठीत ‘तो म्हणाला’, एवढ्या रोजच्या वाक्यातही दोघांचं जमत नाही. (‘त्याने म्हटलं’ आहे म्हणा, पण ते वेगळं रूप, आणि त्याचा खरा मुक्काम सरकारी पत्रकात.)

गैरसमज : संस्कृत ‘एन’ उलटा होऊन ‘ने’ झाला

हा सगळ्यांत लाडका समज. ‘बालकेन’ यातला ‘एन’ घ्या, अक्षरं फिरवा, ‘बालक ने’ तयार. कागदावर इतकं सुरेख जुळतं की शंका घेणाऱ्यालाच अपराधी वाटावं. एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच पंडितांनी हे मांडलं, आणि आजही शिकवण्यांच्या वह्यांत ते सुखाने नांदतंय.

अडचण अशी, की भाषेत शब्दांची शेपटं झिजतात. झिजलेलं शेपूट पुन्हा उगवून वर उलटं होत नाही. संस्कृत ‘एन’ प्राकृतात ‘एण’ झाला, अपभ्रंशापर्यंत येईतो ‘एं’ एवढाच उरला, नाकातला एक हुंकार. हिंदीत ‘ने’ ठळकपणे दिसू लागतो तो त्यानंतर कित्येक शतकांनी. तुलसीदासांनी १५७४ मध्ये ‘रामचरितमानस’ लिहायला घेतलं, त्या अवधी भाषेत कर्त्याचा ‘ने’ नाही. भोजपुरीत आजही नाही. संस्कृताची थेट इस्टेट असती तर ती पूर्वेकडच्या या भावंडांना मिळाली नसती का? आणि एन-चा वारसा असता तर एन-चं मुख्य काम, हत्यार दाखवण्याचं, हिंदी ‘ने’ने कधीतरी केलं असतं. तो चाकूला शिवतसुद्धा नाही.

जॉन बीम्स नावाचा इंग्रज सनदी अधिकारी १८७२ ते १८७९ या काळात भारतीय आर्य भाषांचं तौलनिक व्याकरण तीन खंडांत लिहीत होता. त्याने याच झिजेवर बोट ठेवून ‘एन’ची व्युत्पत्ती नाकारली, आणि ‘लागणे’ या धातूच्या घराण्याकडे माग काढला. त्यासाठी नेपाळीतला ‘ले’ त्याच्या कामी आला. नेपाळीत ‘रामले आँप खायो’ म्हणजे रामाने आंबा खाल्ला, आणि ‘चक्कुले’ म्हणजे चाकूने. काम मराठी ‘ने’चं, आवाज मराठी ‘ला’च्या जवळचा. बीम्सची वाट सगळ्यांना पटली नाही, पण ‘एन’चा किल्ला ढासळला तो ढासळलाच.

आता मराठीपुरतं बोलू. इथे कुणी म्हणेल, हिंदीचं जाऊ द्या, आपला ‘ने’ तर हत्यारालाही लागतो, मग तो तरी ‘एन’चा असेल. पण मराठीत स्वरांमध्ये अडकलेल्या एकट्या ‘न’चा ‘ण’ होतो. ‘पानीय’चं पाणी झालं, हिंदीत ते पानीच राहिलं. आपला ‘न’ येतो तो जोडाक्षराच्या मोडतोडीतून : पर्ण, पान, कर्ण, कान. ‘एन’ मराठीत टिकला असता तर तो ‘ण’ घेऊन टिकला असता. आणि तसा तो खरोखर टिकलाय! संस्कृत ‘येन’, प्राकृत ‘जेण’, जुनी मराठी ‘जेणें’, आणि आज प्रत्येक अर्जात, प्रत्येक परिपत्रकात कंटाळा येईपर्यंत वापरला जाणारा ‘जेणेकरून’. खरेदीखतातला ‘येणेप्रमाणे’ही त्याच ठशाचा. ‘एन’चं नाणं शोधायला कुठल्या उत्खननाला जायला नको, तहसील कचेरीत ते रोज चालतं.

नामांच्या बाबतीत ‘एन’चा सरळ वारस म्हणजे नुसता ‘ए’. जुन्या मराठीत ‘देवें’, ‘रायें’ अशी रूपं सर्रास सापडतात. तृतीयेचे प्रत्यय ‘ने, ए, शी’ असे आपण एका दमात म्हणतो, तेव्हा ‘ए’ हा जुना रहिवासी आणि ‘ने’ त्याच्या शेजारी नंतर येऊन बसलेला, हे त्या तक्त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. हा जुना ‘ए’ गुजरातीत मात्र अजून रोजच्या कामावर आहे : ‘रामे केरी खाधी’, रामाने आंबा खाल्ला. म्हणजे गुजरातीच्या ‘ने’शी आपण नातं जोडायला जातो, आणि खरा भाऊबंद त्यांच्या ‘ए’मध्ये बसलेला असतो.

जाता जाता एक. १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी आपण ‘रामानें’ असा डोक्यावर टिंब देऊन लिहीत असू. नियमांनी टिंब पुसलं. बोलताना मात्र आपण ‘रामानं’, ‘त्यानं’ असंच म्हणतो.

गैरसमज : ‘ने’ आला की तो कर्ताच

सुरुवातीचं केरीचं कोडं इथलं. गुजरातीत ‘मने’ म्हणजे मला, ‘तने’ म्हणजे तुला. हिंदी कान ‘मने’चा ‘मैंने’ करतो आणि फसतो. नरसी मेहतांचं ‘वैष्णव जन तो’ हे भजन देशभर गायलं जातं. त्याच्या पहिल्याच ओळीतल्या ‘तेने’चा अर्थ ‘त्याला’ असा आहे, ‘त्याने’ असा नाही, हे गाणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे. शिवाय गुजरातीत ‘चा ने नास्तो’ यातला ‘ने’ म्हणजे ‘आणि’, तो ‘अने’चा संक्षेप. आणि ‘आवशो ने?’ मधला ‘ने’ आपल्या ‘याल ना?’ मधल्या ‘ना’च्या जागी. एका भाषेत तीन ‘ने’, आणि तिघांपैकी एकही कर्त्याचा नाही.

मारवाडीतही ‘नै’ म्हणजे ला. तिथे कर्त्याला भूतकाळात काहीच लागत नाही : ‘राम रोटी खाई’. क्रियापद रोटीबरोबर स्त्रीलिंगी झालं, राम मात्र कोराच राहिला.

या गुंत्यातून वाट काढली ती लुइजी पिओ तेस्सितोरी या इटालियन पंडिताने. उदिनेत जन्मलेला हा माणूस भारतात यायच्या आधीच जुनी राजस्थानी वाचत होता. इथे येऊन त्याने राजपुतान्यातल्या चारणांच्या पोथ्या हुडकल्या, कालीबंगाच्या टेकाडांची नोंद केली, आणि १९१९ मध्ये बिकानेरला वयाच्या एकतिसाव्या वर्षी गेला. मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन अँटिक्वेरी’त १९१४ ते १९१६ या काळात त्याने जुन्या पश्चिमी राजस्थानीचं व्याकरण छापलं. त्यात त्याने दाखवलं, की गुजराती ‘ने’, मारवाडी ‘नै’ हे ‘कन्हइ’ या जुन्या शब्दाचे अवशेष आहेत. ‘कन्हइ’ म्हणजे जवळ, पाशी. आणि त्याच्या मुळाशी आहे ‘कर्ण’, कान. कानाशी म्हणजे जवळ, जवळ म्हणजे त्याच्याकडे, त्याच्याकडे म्हणजे त्याला. हिंदीचा ‘ने’सुद्धा त्याने याच मुळाशी नेऊन बांधला. मघाशी कर्ण-कान मध्ये ‘न’ का टिकला ते पाहिलंच आहे, त्यामुळे हे मूळ ध्वनीच्या हिशेबात तरी अडत नाही.

पण ज्या शब्दाने घेणारा दाखवायचा, त्यानेच करणारा कसा दाखवायचा? याचं उत्तर हरियाणात मिळतं. तिथे ‘मन्नै रोटी खाई’ म्हणजे मी भाकरी खाल्ली. आणि ‘मन्नै के बेरा’ म्हणजे मला काय माहीत. एकच ‘मन्नै’, कर्ताही आणि ‘मला’ही, आणि हरियाणवी माणसाचं त्यावाचून कधी अडलेलं नाही. दिल्लीत, पंजाबात ‘मैंने घर जाना है’ सर्रास चालतं. हिंदीचे मास्तर तिथे ‘मुझे’ लिहायला लावतात. आपल्याकडे ‘त्याला जायला हवं’ आणि ‘त्याने जायला हवं’ ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. पहिल्यात त्याची गरज आहे, दुसऱ्यात त्याच्यावर जबाबदारी. ‘ला’ आणि ‘ने’ यांच्यातली भिंत आपण समजतो तितकी जाड नाही.

गैरसमज : जगभर ‘ने’ आहे, म्हणजे मूळ एकच

हा फॉरवर्डी समज लवकर निकालात काढता येतो. ग्रीक ‘ने’ म्हणजे हो. सर्बियन आणि चेक ‘ने’ म्हणजे नाही. कोरियन ‘ने’ पुन्हा हो. तुर्की ‘ने’ म्हणजे काय. ब्राझीलच्या पोर्तुगीजमधला वाक्याच्या शेवटचा ‘ने’ हा ‘नाउं ए’, म्हणजे ‘नाही का’ याचा संक्षेप. जपानी ‘ने’ही वाक्याच्या शेवटी येतो आणि ऐकणाऱ्याची संमती मागतो, त्यावरून मराठी ‘ना’ जपानला पोचवणारे संदेश फिरत असतात. एका व्यंजनाचा आणि एका स्वराचा शब्द जगात शंभर ठिकाणी स्वतंत्रपणे घडू शकतो. इतकं लांब कशाला, पंजाबीत ‘मुंडे खेडदे ने’ मधला ‘ने’ क्रियापद आहे : मुलगे खेळत आहेत. तोच पंजाबी माणूस पुढच्या वाक्यात ‘ओहने’ म्हणून कर्त्याचाही ‘ने’ वापरतो, आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

गैरसमज : ‘रामाने आंबा खाल्ला’ म्हणजे इंग्रजीतला पॅसिव्ह

कर्मणी प्रयोग म्हटलं की इंग्रजी माध्यमातली मुलं तो पॅसिव्हच्या खणात टाकून मोकळी होतात. इतिहास पाहिला तर चूक नाही. संस्कृतातलं ‘रामेण आम्रः खादितः’ हे खरोखर ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ असंच होतं. पण आजच्या मराठीत तसं उरलेलं नाही. ‘रामाने घरी येऊन आंबा खाल्ला’ यात घरी कोण आलं? रामच. ‘रामाने आपली गाडी विकली’, गाडी कुणाची? रामाची. वाक्याची सूत्रं रामाच्या हातात आहेत, क्रियापद तेवढं आंब्याकडे आणि गाडीकडे बघून लिंग-वचन ठरवतं. खरा पॅसिव्ह हवा असेल तर मराठीत त्यासाठी ‘खाल्ला गेला’ वेगळं ठेवलेलंच आहे. भाषाविज्ञानात या रचनेला अर्गेटिव्ह म्हणतात. आणि ‘रामाने रावणाला मारलं’ या भावे प्रयोगात तर क्रियापद रामाकडेही बघत नाही, रावणाकडेही नाही.

ही रचना मराठीत किती जुनी आहे, हे श्रवणबेळगोळला दगडावर बघायला मिळतं. गोमटेश्वराच्या पायापाशी एकच मजकूर तीन भाषांत कोरलेला आहे. कन्नड : ‘श्रीचामुण्डराजं माडिसिदं’. तमिळ : ‘श्रीचामुण्डराजन् चेय्वित्तान्’. मराठी : ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’. तिन्हींचा अर्थ, चामुंडरायाने करवलं. कोरीव काम नेमकं कधीचं यावर बरीच चर्चा झाली आहे. तिथेच होयसळांचा सेनापती गंगराज याने भोवतीचं आवार बांधवल्याचा उल्लेख आहे आणि तो बाराव्या शतकातला. आपल्याकडे या ओळीचं कौतुक मराठीच्या प्राचीनतेसाठी होतं. मला तिच्यातलं व्याकरण जास्त मोलाचं वाटतं. कन्नड आणि तमिळ क्रियापदांची शेवटची अक्षरं सांगतात, करवणारा एक पुरुष आहे. क्रियापद राजाच्या मागे चालतं. मराठीत राजाला ‘एं’ लागलाय आणि ‘करवियलें’ नपुंसकलिंगी आहे, राजाशी त्याने काही देणंघेणं ठेवलेलं नाही. दोन भाषाकुळांतला फरक तिथे वीतभर अंतरावर दिसतो. आणि लक्षात घ्या, ‘चावुण्डराजें’ आहे. त्या दगडावरचा कर्ता ‘ने’शिवाय उभा आहे.

गैरसमज : ‘मैं खाना खाया’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला व्याकरण कळत नाही

मुंबईच्या हिंदीची टिंगल करताना हे वाक्य हमखास येतं. पण मराठीत ‘त्याने आंबा खाल्ला’, ‘तिने खाल्ला’, आणि ‘मी खाल्ला’. ‘मी’ आणि ‘तू’ यांना ‘ने’ लागतच नाही. हिंदी बोलताना आपण ‘मैं’ला मोकळंच सोडतो ते या सवयीने, आणि हिंदीभाषक मराठी शिकताना ‘मीने केलं’ म्हणतो ते त्याच्या सवयीने.

ही सूट मात्र फार जुनी नाही. पूर्वी ‘मी जातो’ पण ‘म्यां केले’, ‘तू जातोस’ पण ‘त्वां केले’ असा भेद होता. संस्कृत ‘मया’, ‘त्वया’ यांचे ते वंशज. प्रमाण मराठीत पुढे ‘म्यां’ आणि ‘मी’ एकाच रूपात विरघळले. खेड्यापाड्यांत ‘म्या केलं’ अजून जिवंत आहे, आणि वऱ्हाडात ‘मीनं’ही ऐकू येतं, म्हणजे त्या हिंदीभाषकाचं ‘मीने’ अगदीच जगावेगळं नाही. कोकणीने हा भेद सोडलाच नाही : ‘हांव वतां’, मी जातो, पण ‘हांवें आंबो खालो’. ‘तू’च्या बाबतीत तर मराठीने एक अजब तडजोड केली. ‘तू आंबा खाल्लास’, ‘तू पोळी खाल्लीस’. आधी क्रियापद आंब्याशी, पोळीशी जुळवून घेतं आणि मग शेवटी ‘स’ लावून ‘तू’चाही मान राखतं. व्याकरणकारांनी याला कर्तृ-कर्मसंकर असं भारदस्त नाव दिलंय.

‘मैं खाना खाया’वर हसणारा पंजाबी असेल, तर त्याने घरी काय बोलतो ते आठवावं. पंजाबीत ‘ओहने रोटी खाधी’, पण ‘मैं रोटी खाधी’, ‘तूं रोटी खाधी’, ‘असीं रोटी खाधी’. तिथेही पहिल्या आणि दुसऱ्या पुरुषाला ‘ने’ लागत नाही, थेट मराठीसारखंच. हैदराबादच्या दखनीत हा ‘ने’ बहुतेक वेळा गळतो, आणि बनारस-पाटण्याकडचा माणूस ‘हम खाना खाए’ म्हणतो, कारण त्याच्या घरच्या बोलीत तो कधी नव्हताच. कामताप्रसाद गुरूंनी १९२० साली हिंदीचं व्याकरण नीट बांधून दिलं, त्यातले ‘ने’चे नियम पाळणं या सगळ्यांना सारखंच जड जातं.